सरांच्या सत्कारात काय बोलशील

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी वर्गणी पोचली, समितीच्या वहीत नाव लिहून घेतलं. महिनाअखेरीस तुमच्या खेळाच्या सरांची अठ्ठावन्न भरतात, शाळेतून निवृत्त होतात, म्हणून हा सत्कार. माजी खेळाडूंतर्फे तू बोलायचं असं ठरलंय आणि "बाबा, मी काय बोलू?" म्हणून तू विचारलंस. फोनवर मला धड सुचत नाही, म्हणून लिहितो. आधारस्तंभ, दीपस्तंभ हे सगळं सरपंचांपासून सुरू होईलच, ते तू त्यांच्यासाठी राहू दे. तू मैदानावरचं बोल.

मैदानाचंच घे. आपलं दर्यापूरकडचं सगळं खारपाणपट्ट्यातलं. काळी माती पावसात पायाला गोळ्यागोळ्यानं चिकटते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की पाय मुरगळलाच समज. इथं खो-खो खेळायचा तर आधी जमीनच तयार करावी लागते. गावात कोणाच्या घराचं बांधकाम निघालं की सर त्याला गाठायचे, "मुरूम येतोच आहे तर एक ट्रॉली शाळेत टाक ना भाऊ." असं मागून मागून ते मैदान झालं. दोन्ही खांब सुताराकडे बसून तासून घेतलेले. स्वतः तळहात फिरवून पाहायचे, कुठे कूस तर लागत नाही ना, कारण तुम्ही पोरी धावता धावता खांबाला हात घालून गर्रकन वळायच्या. फक्की मात्र शिपायाला मारू द्यायचे नाहीत. रेघ वाकडी गेली की पुसून पुन्हा. आणि इथलं पाणी खारट, म्हणून सरावाच्या दिवशी गाडीला गोड्या पाण्याच्या कॅन बांधून आणायचे. आताच्या पोरांना हे सांगितलं तर हसतील.

आता आबांचं. तू आठवीत होतीस, जिल्ह्याच्या सामन्यांना जायचं होतं आणि नेमका कापूस फुटलेला. सर वावरात आले. आबा धुऱ्यावर बसून म्हणाले, "मास्तर, पोरगी खो-खो खेळून का पोट भरनार हाये?" सरांनी वाद घातला नाही. सोबत कोणत्या मॅडम आहेत, एसटी किती वाजताची, मुली जेवणार कुठे, परत कधी, एवढं सगळं सांगितलं, घोटभर चहा घेतला आणि गेले. परतीची गाडी उशिरा आली. सरांनी एकेका पोरीला दारापर्यंत सोडलं आणि घरचं माणूस बाहेर येईपर्यंत तिथून हलले नाहीत. आपलं घर शेवटचं. आबा ओट्यावर जागेच होते. "जेवून जा मास्तर," एवढंच बोलले. पुढच्या वर्षी शेजारी पोरीला पाठवायला तयार नव्हते, तेव्हा काठी टेकत त्यांच्या घरी गेले ते आबाच.

भाषणात बाकी काही विसरलीस तरी हे सांग. मंडपात पोरींचे बाप बसलेले असतील.

भूगोलाचं तुला जास्त माहीत, तो मला शिकवला नाही त्यांनी! पण तू घरी येऊन चुलीपाशी आईला समजावलं होतंस, की आपल्या नाल्याचं पाणी पूर्णेत, पूर्णेचं तापीत आणि तापीचं थेट खंबातच्या आखातात. तुझी आई अजून पूर आला की ते म्हणून दाखवते.

सर शिकले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. मंडळ १९१४ सालचं, आणि १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं कबड्डी करून दाखवली होती. सर स्वतःबद्दल कधी बोलत नाहीत, हे मात्र छाती काढून सांगतात. म्हणूनच खेळाचा तास त्यांनी कधी गणिताला उसना दिला नाही. नाहीतर हल्ली बघ, परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच तासावर. त्यांच्या जागी कोण येतं, येतं की नाही, देव जाणे. तुमच्यातल्या ज्या पोरी पोलिसात लागल्या त्यांना विचार, आठशे मीटरची तयारी पहाटे पांदण रस्त्यावर कोणी करून घेतली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा अंतिम सामना आम्ही सरांच्याच घरी मोबाईलवर पाहिला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचीच. आम्ही ओरडत होतो आणि सर म्हणतात काय, "मॅट बरी आहे. गुडघे सोलत नाहीत."

शाल-श्रीफळ दुपारी. सकाळी सातला माजी मुली विरुद्ध शाळेचा संघ असा सामना आहे, ती सरांचीच अट. आदल्या दिवशीच ये, रेल्वेनं मूर्तिजापूरला उतर, मी मोटारसायकल घेऊन येतो. आई सांगते, ट्रॅकपँट विसरू नको. साडी नेसून आलीस तर सर तुला गुण लिहायला बसवतील.

तुझे
बाबा