माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत देऊ नकोस

अहिल्यानगर,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

काल तुझा फोन ठेवला आणि तेव्हापासून कशात मन लागेना. वाडा विकायचं ठरलं, त्यावर मी काय बोलणार? पण माळ्यावरचे तुझ्या अप्पांच्या साप्ताहिकाचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकू का, असं तू विचारलंस आणि मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र. देऊ नकोस.

तुला तरवडी ठाऊक आहे ना, नेवासा तालुक्यातली? आपण कितीदा तिकडून गेलो, पण त्या गावाची गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगितली नाही. मुकुंदराव पाटलांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. पुढे ते तरवडीला आलं आणि १९६७ साली मुकुंदराव गेले तोवर त्यांनी ते चालवलं. सत्तावन्न वर्षं! वर्तमानपत्र म्हणजे पुण्या-मुंबईची गोष्ट, असं सगळे धरून चालायचे त्या काळात हा माणूस खेड्यात बसून अग्रलेख लिहीत होता.

हे वेड त्यांच्या घरातच होतं. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा विचार गावोगाव जावा म्हणून भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ काढला. पैशांअभावी तो त्यांना झेपेना, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईला नेऊन चालवला. मुकुंदराव दत्तक गेले ते गणपतराव पाटलांच्या घरी. या गणपतरावांनीही १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ नावाचं मासिक काढलं होतं. ते अकाली गेले आणि मासिक थांबलं. दत्तक मुलाने बापाचं तेच नाव पुन्हा उचललं. मला हे फार मोठं वाटतं. वारसा म्हणून जमीन सगळेच घेतात, बंद पडलेलं मासिक कोण घेतं?

आणि वेळ तरी कोणती! त्याच १९१० साली इंग्रज सरकारने नवा प्रेस अ‍ॅक्ट आणला. नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये अनामत मागायची मुभा मॅजिस्ट्रेटला मिळाली. त्या काळचे दोन हजार म्हणजे किती, याचा हिशेब अप्पांनी बरोबर करून दाखवला असता.

मुकुंदरावांनी कुणाला सोडलं नाही. सावकाराचं व्याज, गावचं दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्याची लेखणी, लग्नातली भटाची दक्षिणा, नवससायास, मुलींचं शिक्षण, सगळ्यावर लिहिलं. कुलकर्ण्यांच्या कारभारावर तर पोथीच्या थाटात ओव्या रचल्या. ज्यांच्या कानाला पोथीची सवय त्यांच्याशी पोथीच्याच चालीत बोलायचं, ही जाण शहरातल्या किती संपादकांना होती? त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. भाषा कधी कधी इतकी बोचरी होते की वाचताना अंग चोरावंसं वाटतं. पण शेतकऱ्याच्या बाजूने, शेतकऱ्याच्या बोलीत, आठवड्यामागून आठवडे कुणीतरी लिहीत होतं, हे आज आपल्याला कळतं ते कुणीतरी ते अंक जपले म्हणून. गठ्ठे रद्दीत गेले असते तर त्या काळचा आपला मुलूख आपल्याला फक्त सरकारी दप्तरातून दिसला असता.

आता अप्पांकडे येतो. तू म्हणालास, “त्यात आहे काय, नोटिसा आणि वाढदिवस!” अरे, बाहत्तरच्या दुष्काळाचे अंक काढून बघ. आपण दहा-अकरा वर्षांचे होतो. कोणत्या पाझर तलावाच्या कामावर किती माणसं आहेत, कुठली मजुरी किती दिवस थकली, मजुरांना वाटायची सुकडी कुठे पोचली नाही, हे अप्पा सायकलवरून फिरून गोळा करायचे आणि गावांच्या नावांसकट छापायचे. हे दुसरीकडे कुठे सापडणार आहे? आणि त्या जाहीर नोटिसांत तालुक्यातल्या जमिनी कुणाकडून कुणाकडे गेल्या ते सगळं आहे. नोटिसांच्या पैशावर कागद यायचा. पंधरा ऑगस्ट आणि दिवाळीच्या शुभेच्छा-जाहिरातींवर उरलेलं वर्ष निघायचं.

बुधवारची रात्र आठवते? अक्षरं जुळवणारा कंपोझिटर केसमधले खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, न बघता उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये उलटी ओळ लागायची आणि आपण ती आरशात धरल्यासारखी वाचायला शिकलो होतो. ट्रेडल छपाईयंत्राचा तो ठेका. पहाटे आपण दोघं अंकांच्या घड्या घालून खळीने पत्ते चिकटवायचो. एकदा ‘ळ’ कमी पडले, तर अप्पांनी अख्खी बातमी ‘ळ’ टाळून पुन्हा लिहिली. पुढे ऑफसेट छपाई आली, मोठ्या दैनिकांनी तालुक्याची पानं काढली, नोटिसाही तिकडे गेल्या. अप्पा त्यावर कधी कडवट बोलले नाहीत. शेवटचा अंकही वेळेवर टाकला पोस्टात.

तर आता एवढं कर. गठ्ठ्यांची सुतळी ओढून सोडू नकोस, कात्रीने काप. तो कागद आता पापडासारखा झाला असेल, कडेने धरलास तर तुकडा हातात येईल. फाटलेल्याला चिकटपट्टी अजिबात लावू नकोस. वर्षवार आडवे ठेव, जुन्या सुती साडीत गुंडाळ, ओल लागणार नाही अशा खोलीत ने. कसर लागलेले वेगळे काढ, टाकू मात्र नकोस. मी शनिवारी पहिल्या एसटीने येतो. खिडकीच्या उजेडात एकेक पान फोनवर टिपू. मग मूळ अंक नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात घेतील का, ते मी स्वतः जाऊन विचारतो. नाही घेतले तर माझ्याकडे पुढची खोली रिकामीच आहे.

वाडा घेणाऱ्यांना सांग, माळा आठ दिवस उशिरा मिळेल. काकूंना नमस्कार. बाहत्तरचा गठ्ठा मी येईपर्यंत सोडू नकोस, तो आपण मिळून उघडू.

तुझाच,
बुधवारचा जोडीदार