क्लेमेंटचं पत्र का गाळलंत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला, आजच्या चेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव गावच्या सायकल कारखान्यावरचा, म्हणजे पुढे ‘स्कोडा’ झालेल्या कंपनीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, आपल्याच नजरेतून एखादी ओळ सुटली असेल. सुटली नव्हती. लाउरिन आणि क्लेमेंट यांनी ‘सायकलींची वाढती बाजारपेठ ओळखून’ धंदा सुरू केला, एवढ्यावर लेखकांनी आटोपलं आहे. वर कंपनीला ‘जर्मन’ म्हटलं आहे. १९९१ साली ती जर्मनीच्या फोक्सवॅगनकडे गेली, म्हणून आज कुणी तसं म्हणेलही. पण लेख १८९५ सालाबद्दल आहे, आणि कंपनी ज्या रागातून जन्मली तो रागच या एका शब्दाने पुसला गेला.

वात्स्लाव क्लेमेंट पुस्तकं विकायचा. त्याने जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या सायडेल उंड नाउमान कंपनीची ‘जर्मानिया’ सायकल घेतली. ती बिघडली. दुरुस्तीसाठी त्याने कंपनीच्या उस्ती गावच्या शाखेला पत्र लिहिलं, आपल्या भाषेत, म्हणजे चेकमध्ये. उस्ती काही परदेशात नव्हतं, क्लेमेंटच्याच बोहेमिया प्रांतात होतं. उत्तर जर्मनमधून आलं, आणि त्याचा मतलब असा की उत्तर हवं असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. गिऱ्हाइकाने पैसे मोजले होते, तेव्हा भाषेची अडचण आली नव्हती. तक्रार केली तेव्हा आली.

क्लेमेंटने दुसरं पत्र लिहिलं नाही. वात्स्लाव लाउरिन या कारागिराला बरोबर घेऊन डिसेंबर १८९५ मध्ये त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे स्वतःच्या सायकली बनवल्या, त्यांना नाव दिलं ‘स्लाविया’. चेक लोक स्लाव वंशाचे; समोर ‘जर्मानिया’ असताना हे नाव का ठेवलं, ते सांगायला नको. दोनच वर्षांनी, १८९७ साली, बोहेमियातल्या सरकारी नोकरांना दोन्ही भाषा यायला हव्यात असा आदेश ऑस्ट्रियाचे पंतप्रधान बादेनी यांनी काढला (बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं), तर एवढी दंगल उसळली की अखेर तो मागे घ्यावा लागला. अशा दिवसांतली ही गोष्ट आहे. तिला ‘बाजारपेठ ओळखली’ म्हणणं मला सहन झालं नाही.

का सहन झालं नाही, तेही सांगतो. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. सायकल उलटी करायची, चाक गरगर फिरवायचं आणि रिमजवळ खडू धरून बसायचं. जिथे खडू लागेल तिथला त्या बाजूचा आरा ढिला करायचा किंवा समोरच्या बाजूचा आवळायचा. असा चाकाचा आऊट काढताना ते बोलत नसत, आम्हालाही बोलू देत नसत. चिमटा, आरे, छर्रे, कॉटर हे शब्द मी पुस्तकातून शिकलो नाही, त्या दुकानाच्या पायरीवर शिकलो.

मागच्या पावसाळ्यात नातीसाठी नवी सायकल घेतली. तिसऱ्या महिन्यात पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, वेल्डिंगच्या कडेला, रंगाखालून केसाएवढी चीर दिसली. नखाने रंग खरवडला, तर चीर अर्ध्या नळीला वळसा घालून गेलेली. मूल उतारावर असताना हा चिमटा सुटला असता तर? त्याच रात्री कंपनीला मराठीत पत्र लिहिलं. बिलाचा क्रमांक, तारीख, चीर नेमकी कुठे, किती लांब, सगळं लिहिलं, फोटोही जोडले. अकरा दिवसांनी इंग्रजीत तीन ओळी आल्या. तक्रार इंग्रजीत पाठवावी, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल. चिमट्याबद्दल एक अक्षर नाही. सायकल मी इथे घेतली, दुकानावरची पाटी मराठीत, विकणारा माझ्याशी मराठीत बोलला. शेजारच्या मुलाने तोच मजकूर इंग्रजीत करून धाडला आणि चार दिवसांत नवा चिमटा घरी आला. तो मी स्वतः बसवला, पण आजही त्या सायकलकडे पाहिलं की मला ते तीन ओळींचं उत्तर आठवतं. म्हणून क्लेमेंटची गोष्ट मला सव्वाशे वर्षांपूर्वीची वाटत नाही.

आणि या गोष्टीचा सगळ्यात मोठा भाग तर लेखात मुळीच नाही. १८९८ साली क्लेमेंटने पॅरिसहून वेर्नेर बंधूंची मोटार लावलेली सायकल आणली. तिचं इंजिन पुढच्या चाकावर बसवलेलं होतं. सगळं वजन वर आणि पुढे, मग तोल राहणार कसा? लाउरिनने इंजिन खाली सांगाड्यात घेतलं आणि १८९९ मध्ये त्यांची स्वतःची मोटारसायकल तयार झाली. १९०५ साली फ्रान्समध्ये दूर्दाँच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत वात्स्लाव वोंद्रझिख त्यांच्याच मोटारसायकलवर पहिला आला. त्याच वर्षी त्यांची पहिली मोटार आली, दोन सिलिंडर, सात अश्वशक्ती. आणि ड्रेस्डेनची ती सायडेल उंड नाउमान? ‘आमच्या भाषेत लिहा’ म्हणणारी? तिने या चेक माणसांकडून परवाना घेऊन त्यांच्याच मोटारसायकली ‘जर्मानिया’ नावाने बनवल्या. हे वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो. आपल्या लेखकांना यात छापण्याजोगं काहीच दिसलं नाही?

१९२५ साली प्ल्झेनच्या श्कोडा कारखान्यात ही कंपनी विलीन झाली आणि गाड्यांवर श्कोडाचं नाव आलं. आपण मराठी माणसं तिला ‘स्कोडा’ म्हणतो. २००१ पासून आमच्या शहराबाहेर शेंद्र्याला तिच्या ऑक्टाव्हिया मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. महागड्या मॉडेलवर ‘लॉरिन अँड क्लेमेंट’ अशी छोटी पट्टी असते. ती नावं कुणाची, हे शेंद्र्याला जाणाऱ्या बसमधल्या पोरांना आपल्या वर्तमानपत्रातून कळायला हवं होतं. तीही आपलीच वाचक आहेत.

जाता जाता चित्राबद्दल. लेखासोबत पुढे भलंमोठं आणि मागे पिटुकलं चाक असलेली सायकल छापली आहे. ती ‘स्लाविया’ नव्हे. १८९५ च्या आधी दहा वर्षं इंग्लंडात स्टार्लीची ‘रोव्हर’ आली होती, साधारण सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली. स्लाविया त्याच घडणीची होती. जुनी सायकल म्हटलं की ते एकच चित्र डकवायचं, ही सवय आपल्या पुरवणीत मी तिसऱ्यांदा पाहतो आहे.

दुरुस्ती छापावी, पहिल्या पानावर नको, पण पुरवणीत त्याच जागी छापावी. त्यात क्लेमेंटच्या पत्राचा उल्लेख असावा, आणि ‘जर्मन’ हा शब्द मागे घ्यावा.

आपला,
एक जुना वाचक,
छत्रपती संभाजीनगर