ऋतुचक्र सोलापूरच्या सावलीवरून ठरवा

महोदय,

देव मानायचा नाही, पण निसर्गापुढे मनापासून नतमस्तक व्हायचे, अशी पेगन (निसर्गपूजक) साधना करू पाहणारे अनेक जण ब्रिटनमधले वर्षातल्या आठ सणांचे चक्र जसेच्या तसे उचलतात. ते चक्र 1950च्या दशकात तिथल्या हवामानावर बेतले गेले. लंडनला 21 डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो; सूर्य परतण्याचे अप्रूप त्यातून आले. आपल्याकडे तोच दिवस अकरा तासांचा असतो. त्या चक्रातल्या 1 फेब्रुवारीच्या इम्बोल्क या सणाला तिकडे मेंढ्या वितात, इकडे हुरडा सरून ज्वारी काढणीला येते. मग त्या तारखा इथे कशासाठी?

सोलापूरची तारीख सावलीला विचारावी. एक मीटर लांबीची सरळ काठी वाळूच्या बादलीत रोवून सपाट गच्चीवर ठेवा आणि ओळंबा लावून तपासा. काठी एक अंशाने कलली तरी सावलीत पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पडतो. माध्यान्हीला, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असताना, सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. 22 डिसेंबरला ती उत्तरेकडे सुमारे 87 सेंटिमीटर भरते, मार्च आणि सप्टेंबरच्या संपातदिनी (दिवस-रात्र जवळपास समान असतात तेव्हा) 32. 10 मेच्या आसपास सावली पायाशीच विरते. त्यानंतर ती चक्क दक्षिणेला पडू लागते, 21 जूनला 10 सेंटिमीटर, आणि 2 ऑगस्टच्या सुमारास पुन्हा नाहीशी होते. ब्रिटनमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, त्यामुळे शून्य सावलीचे हे दोन दिवस त्यांच्या चक्रात असणारच नाहीत. आपल्या चक्रात ते हवेतच.

बहुतेकांची चूक होते ती वेळेत. घड्याळातले बारा म्हणजे सोलापूरची माध्यान्ह नव्हे. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, सोलापूर 76 अंशांच्या जवळ. म्हणून सूर्य सर्वांत उंच येतो तो 10 मेला 12:23ला, 2 ऑगस्टला 12:33ला आणि 22 डिसेंबरला 12:25ला.

सावलीइतकेच मातीकडे लक्ष हवे. वर्षभर एकच जागा धरून महिन्यातून दोनदा तिथे जावे आणि काय फुलले, काय सुकले, कोणता पक्षी आला ते तारखेसह लिहावे. जागा माळरान असेल तर उन्हाळ्यात पायवाट सोडू नये, कारण टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. श्रद्धेपोटी माळावर झाडे लावणे तर मुळीच नको. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याचा माळढोक हा गवताळ, मोकळ्या रानाचा पक्षी आहे. झाडी वाढली की त्याचे घर जाते. तलावात पीठ किंवा निर्माल्य सोडू नये. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

अर्पण करायचेच असेल तर मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येची रीत आपल्याकडे आहेच. शेतात आंबील शिंपडायची आणि मातीचे मातीला परत द्यायचे. देव न मानणाऱ्यालाही हे मनापासून करता येते.

एक विनंती. पंचांगाच्या सदरात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या जोडीने सोलापूरच्या माध्यान्हीची वेळही रोज छापावी, आणि शून्य सावलीच्या दोन तारखा आठवडाभर आधी कळवाव्यात.

– एक वाचक, सोलापूर