आई, तुझी गोष्ट सांगू का?

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमा

ती. आई व ती. बाबा यांस
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. वाऱ्याने रेंज गेली ती रात्रभर आलीच नाही. तुमचे दोन्ही प्रश्न मात्र कानात राहिले, म्हणून आज सुट्टी आहे तर निवांत लिहायला बसले.

आई, तू विचारलंस की तुझी लेक नक्की काय करते असं वाडीत बायका विचारतात, त्यांना काय सांगू? बाबा, तुम्ही जरा रागातच म्हणालात की त्या आजारी पोरीचा फोटो पेपरात दिला असता तर चार पैसे जमले असते, तुमच्या संस्थेने का नाही दिला? दोन्हींचं उत्तर एकच आहे. पण ते एका वाक्यात येत नाही.

मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेत कागदावर माझं पद 'संवाद आणि जनवकिली प्रमुख'. जनवकिलीत वकिलीचा काळा कोट नसतो. मुलांचं म्हणणं जिथे ठरतं तिथे, म्हणजे ग्रामपंचायतीत, तहसीलदाराकडे, शिक्षण विभागात, कधी मंत्रालयात, नेऊन पोचवायचं आणि त्याचं काही होईपर्यंत मागे लागायचं, ही जनवकिली. संवाद म्हणजे तेच म्हणणं लोकांना कळेल असं सांगणं. पेपरात, रेडिओवर, बंदरातल्या भिंतीवर, जिथे जमेल तिथे. आई, तू एवढंच सांग, की ती मुलांच्या तक्रारींचा पाठपुरावा करते. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

बाबा, एसटीचं ते प्रकरण तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. सगळं एकत्र कधी सांगितलं नव्हतं. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

हायस्कूल सुटायचं पाच वाजता आणि गाडी निघायची पावणेपाचला. आधी ती सव्वापाचची होती, वेळापत्रक बदललं आणि अर्धा तास अलीकडे आली. त्यानंतरची गाडी सव्वासातची. मधल्या वेळात मुली काय करणार? चालत निघायच्या. सहा किलोमीटर, त्यातले दोन रानातून. पावसाळ्यात सहा वाजताच अंधारून येतं ते तुम्हाला सांगायला नको. आईबापांनी काय करावं? नववीतल्या तीन मुलींना घरी बसवलं. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना. तुम्हीच किती वर्षं ते पास तपासलेत. एक मुलगी मला म्हणाली, "ताई, पास फुकट आहे, पण गाडीच नाही तर पास घेऊन चालायचं काय?"

मी तिथे जाऊन भाषण केलं नाही. बालसभेत मुलींनीच ठरवलं की वही घालायची. दोनशे पानी वही, वर मोराचं चित्र. रोज शाळा किती वाजता सुटली, गाडी किती वाजता गेली, घरी किती वाजता पोचलो. पहिले चार दिवस नुसत्या वेळा आहेत. मग हळूहळू शेवटच्या रकान्यात शब्द यायला लागले. "आज विजा होत्या, मंदिरात थांबलो." "गडग्यावरून साप गेला. धावलो." "आज दोघीच होतो." एका पानावर पावसाचं पाणी पडून निळी शाई पसरली आहे, वेळ वाचता येत नाही, आणि खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलंय, "वही भिजली कारण आम्ही भिजलो."

ती वही घेऊन आम्ही ग्रामसभेत गेलो. ठराव झाला, शाळेचं पत्र जोडलं, आगारात तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच घेतली. तिथे एका साहेबांनी सांगितलं की एवढ्याशा पोरींसाठी फेरी बदलता येत नाही. मी रडवेली होऊन तुम्हाला फोन केला होता, आठवतं? तुम्ही माझी समजूत घातली नाहीत. तुम्ही विचारलंत, "ती गाडी पुढे कुठे जाते? वस्तीची आहे का परत आगारात येते?" मला माहीतच नव्हतं. मग तुम्ही कागद घ्यायला लावलात आणि सांगितलंत की वेळ बदलायची म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी बदलते, आठ तासांच्या वर गेली की ओव्हरटाइम येतो, म्हणून साहेब नाही म्हणतो. तो वाईट माणूस नाही. त्याला दोन फेऱ्यांची अदलाबदल सुचव, म्हणजे ड्युटी तेवढीच राहील. पुढच्या अर्जात मी तुमचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. सात महिने लागले. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या दिवसापासून गाडी पाच वीसला सुटते. तिघींपैकी दोघी परत वर्गात आहेत. तिसरीचं लग्न ठरवण्याचं चाललं होतं, ते ग्रामसेवकांनी मध्ये पडून थांबवलं, गावात बालविवाह रोखायची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावरच असते. पण ती अजून शाळेत आलेली नाही. तिच्या घरी मी दर महिन्याला जाते.

तुम्ही तीस वर्षं त्या रस्त्यांवर डबल बेल मारलीत. पोरं धावत येताना दिसली की गाडी थांबवून ठेवायचात आणि मग वेळेवरून बोलणी खायचात. मी ते मागच्या सीटवर बसून बघितलंय. माझ्या कामाची सुरुवात तिथली आहे, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

आता फोटोचं. गाडी सुरू झाल्यावर एका पेपरवाल्याला एसटीच्या दारात उभ्या असलेल्या मुलींचा फोटो हवा होता. मी मुलींना विचारलं. त्या कोपऱ्यात जाऊन दहा मिनिटं बोलल्या आणि येऊन म्हणाल्या, "आमचा नको, वहीचा काढा." तोच छापून आला, शाई पसरलेल्या पानाचा. मला वाटतं तो कुठल्याही चेहऱ्यापेक्षा जास्त बोलला.

पण हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. ही गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. चिरेखाणीवर काम करायला कर्नाटकातून आलेलं एक कुटुंब, त्यातली नऊ वर्षांची मुलगी. आमच्या कार्यकर्तीने खटपट करून तिला शाळेत बसवलं होतं. मी तिच्यावर लिहिलं. नाव बदललं, गावाचं नाव दिलं नाही, फोटो पाठमोरा घेतला. मला वाटलं, सगळी काळजी घेतली. पण फोटोत तिच्या मागे दोरीवर एक लाल फ्रॉक वाळत होता, खिशावर पिवळं ठिगळ लावलेला. त्या पंचक्रोशीत तो फ्रॉक सगळ्यांनी बघितला होता. दोन दिवसांत मुकादमापर्यंत पोचलं. आमच्या खाणीची बदनामी केलीत म्हणून त्याने त्यांचा हिशेब केला. मी गेले तेव्हा झोपडीच्या जागी चार चिरे आणि चुलीची राख होती. टेम्पो रात्रीच गेला होता. शेजारच्या बाईने मला तिची पाटी दिली. विसरून राहिली होती, की मुद्दाम ठेवली होती, ते मला कळलं नाही. आम्ही खूप शोधलं. ती मुलगी परत सापडली नाही.

ती पाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे.

बाबा, कायदा आहेच. बाल न्याय अधिनियम २०१५, त्याच्या ७४व्या कलमाने, ज्यांना काळजी-संरक्षणाची गरज आहे किंवा जी गुन्ह्याच्या प्रकरणात सापडली आहेत अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोक्सो २०१२चं २३वं कलम आणखी कडक आहे. नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, ज्याने ज्याने मूल ओळखता येईल ते काहीही प्रसिद्ध करायचं नाही. पण मी कायद्याला भिऊन फोटो नाकारत नाही. तुम्ही ज्या आजारी मुलीचं म्हणालात, तिला तो कायदा लागूही होत नसेल. ती उद्या बरी होईल, बारावी करेल, तिला स्थळं बघतील, आणि तेव्हाही मोबाइलवर तिचा नळ्या लावलेला फोटो फिरत असेल. पैसे आम्ही जमवले, थोडे कमी जमले, वेळही जास्त लागला. तिच्या उपचारांत खंड पडू दिला नाही. तिचा चेहरा तिच्याकडे राहिला.

काल मिरकरवाड्याच्या जेट्टीवर गेले होते. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीची बंदी उठली, बोटी सुटायला लागल्यात, नेपाळी खलाशी परत आलेत. काहींनी बायकामुलं आणलीत. आंब्याच्या बागांमध्ये राखणीला येतात त्यांचंही तेच, वर्षाच्या मध्येच मुलं येतात, हातात ना शाळा सोडल्याचा दाखला ना जन्माचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. दाखल्यासाठीही अडवता येत नाही. तरी अडवतात, बहुतेक वेळा माहीत नसतं म्हणून. ते सांगत फिरणं हे माझं निम्मं काम. जेट्टीच्या भिंतीवर आम्ही १०९८ लिहिलंय, संकटातल्या मुलांसाठीचा फुकट नंबर. खाली एक ओळ मराठीत, एक नेपाळीत. एक सात-आठ वर्षांचा मुलगा भिंतीसमोर उभा राहून बोट फिरवत वाचत होता, "बा-ल-बा-लि-का". नेपाळीची अक्षरं आपलीच, देवनागरी, हे मला तोवर माहीत असून जाणवलं नव्हतं. मी त्याला मराठी ओळ दाखवली. तीही त्याने वाचली, अर्थ न कळता, पण एकही अक्षर न चुकता. ज्याला वाचता येतं त्याला आपण शाळेच्या दारातून परत पाठवतो. मला रात्री झोप लागली नाही.

आई, आता तुझ्याकडे येते. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा एक करारनामा आहे. २० नोव्हेंबर १९८९ला मंजूर झाला, भारताने ११ डिसेंबर १९९२ला मान्य केला. त्यात ५४ कलमं आहेत. शाळा, औषधपाणी, खेळ, संरक्षण, सगळं आहे. पण मला त्यातलं बारावं कलम सगळ्यात जवळचं. मुलाच्या बाबतीत काही ठरवायचं असेल तर त्या मुलाला विचारलं पाहिजे आणि त्याच्या म्हणण्याला वजन दिलं पाहिजे, असं ते सांगतं. कोणी समजावायला सांगितलं की माझ्या डोळ्यांसमोर तू येतेस.

हायस्कूल खाडीच्या पल्याड, दाभोळला. तेव्हा ही गाड्या नेणारी जंगल जेट्टीची बोट नव्हती, तरीतून, म्हणजे माणसं पल्याड नेणाऱ्या होडीतून जायचं. सातवीला तुझा पहिला नंबर आला होता. पावसात होडी बंद असते, पोरीला एकटीला कुठे पाठवायचं, म्हणून आजोबांनी शाळा बंद केली. तू एकदाच हे मला सांगितलं होतंस, पडवीत तांदूळ निवडताना. मान वर न करता म्हणालीस, "मला कोणी विचारलंच नाही गं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दाभोळला मावशी आहे, पावसाचे चार महिने तिच्याकडे राहते." बारा वर्षांच्या पोरीकडे उत्तर तयार होतं. आजोबा वाईट नव्हते, त्यांचा तुझ्यावर फार जीव होता. पण विचारायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वीस नोव्हेंबरला मुंबईत मोठी बैठक आहे. शिक्षण, महिला व बालविकास, परिवहन, सगळीकडचे अधिकारी येणार आहेत. एसटीच्या वेळा शाळांच्या वेळांशी जोडून लावाव्यात आणि त्या ठरवताना मुलांना विचारावं, ही आमची मागणी. वही मुली स्वतः मांडणार आहेत. मला दहा मिनिटं आहेत आणि मला त्यात तुझी तरीची गोष्ट सांगावीशी वाटते.

पण तू हो म्हणालीस तरच. नाव न घेता सांगितली तरी आपल्याकडच्या चार माणसांना कळेलच, आजोबांबद्दल कोणी काही बोलेल, मामांना वाईट वाटेल. हे सगळं धरून विचार कर. नको वाटलं तर नको. कारणही सांगू नकोस, माझ्याकडे सांगायला दुसरं पुष्कळ आहे. हो म्हणालीस आणि नंतर मन बदललं, तरी एकोणीस तारखेच्या रात्रीपर्यंत सांग, मी काढून टाकीन. मावशीचं सांगायचं की गाळायचं, तेही तूच ठरव.

बाबा, तिला काही सुचवू नका.

गौरी-गणपतीला येतेच आहे, पण उत्तर तोंडी नको. भरल्या घरात तू कोणाच्याही आग्रहाला हो म्हणतेस, माझ्याही. तू लिही, तुझ्या हाताने. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणालीस, म्हणून सोबत मोठ्या ओळींचे कागद आणि पत्ता लिहिलेलं पाकीट घातलंय. त्यावर तिकीट लावलंय.

तुमची,
लेक