आधी हात बघा, मग वजन

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंगावर बाळगता येतील अशा लहान पिस्तुलांची आणि रिव्हॉल्व्हरांची तुलना करणारा लेख वाचला. वजन, लांबी, किंमत, गोळ्या किती, पल्ला किती, सगळं चौकटीत मांडलं होतं. मी विट्याची. सासरी तीन पिढ्यांची सराफी, माहेरी गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. गेली नऊ वर्षं माझ्या नावावर शस्त्रपरवाना आहे आणि कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, माल घेऊन येते त्या दिवशी हत्यार माझ्या अंगावर असतं. त्या चौकटीत बाळगणाऱ्याचा हात कुठेच नव्हता, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या यजमानांकडे अशनी होतं. इछापूरच्या कारखान्याचं .३२ बोअरचं पिस्तूल, चपटं, शर्टाखाली कुणाला दिसायचं नाही. लपवायला त्यासारखं दुसरं नाही, हे खरंच. पण एका खंडेनवमीला पाटावर तराजू, वजनं, दुकानाच्या चोपड्या आणि ते पिस्तूल मांडलं होतं. पूजेआधी मुलाने मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढून बाजूला ठेवलं. म्हणजे रिकामं झालं, असं आम्ही सगळेच समजलो. आदल्या रात्री उशिरा घाटातून येताना यजमानांनी स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, घेतली होती आणि ती तशीच राहिली होती. मुलगा हळदीकुंकवासाठी ते पुसायला गेला आणि चाप दाबला गेला. गोळी देवघराच्या चौकटीत घुसली. तिच्या एक हात अलीकडे माझी सासू वाती वळत बसली होती. ते भोक आम्ही अजून बुजवलेलं नाही.

मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी आतच राहते, ही पिस्तुलाची रचनाच आहे. शिकलेल्या हाताला ते ठाऊक असतं. पण हत्यार घरात राहतं आणि घरात सगळे हात शिकलेले नसतात.

यजमान गेल्यावर हत्यार पोलीस ठाण्यात जमा केलं, वारस म्हणून अर्ज केला, चौकश्या झाल्या, परवाना मिळाला. वाटलं होतं तेच पिस्तूल वापरावं. प्रशिक्षणाच्या वेळी रिकाम्या पिस्तुलाची स्लाईड ओढायला सांगितली, ती माझ्याच्याने अर्ध्यावरच आली. या जातीच्या पिस्तुलात गोळी सुटताना मागचा जोर बहुतेक स्लाईडचं वजन आणि स्प्रिंगच पेलतात, म्हणून स्प्रिंग कडक असते. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरलेला आहे. घरी बसून दहा वेळा ओढलं तर चार वेळा जमायचं. अंगावर कुणी आलं असताना चार वेळा जमणं काय कामाचं?

मग मी कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलं, मधून मोडणारं. खटका दाबला की नळी खाली झुकते आणि गोळ्यांच्या चक्रीतली सहाही घरं डोळ्यांसमोर येतात. गोळी आहे की नाही हे सासूबाईंनाही चष्मा न लावता कळतं. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तेच झालं तर पुन्हा स्लाईड ओढा, आणि तीच तर माझी अडचण. गोळ्या सहाच, पिस्तुलात आठ. त्या दोन गोळ्यांसाठी मी पिस्तूल घेणार नाही.

रिव्हॉल्व्हरचे दोषही सांगते. चक्रीमुळे ते मधोमध जाड असतं, पातळ कुर्त्यातून उठून दिसतं. घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा खटका, न चढवता झाडायचं तर चाप लांब आणि जड ओढावा लागतो, सुरुवातीला नेम डावीकडे जायचा. सहा महिने सराव केला तेव्हा हात बसला. पण तो जड चाप मला दोष वाटत नाही. चुकून दाबला जाणं त्यामुळेच अवघड होतं.

आपल्या लेखात हलकेपणाला सगळ्यात जास्त गुण दिले होते. तिथे माझा ठाम विरोध आहे. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये, आणि दागिन्यांच्या पेटीसारखी मरून पेटी. बाईला हत्यार द्यायचं तर ते हलकं आणि देखणं हवं, हे कुणी ठरवलं? हत्यार जितकं हलकं तितका झटका हाताला जास्त. नळी आखूड म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन माश्यांमधलं अंतर कमी, नेमातली चूक वाढते. पाच-सहा गोळ्यांनंतर अंगठ्याची बेचकी चुरचुरायला लागली की माणूस सरावच टाळतो. माझं रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि ते वजन मला उपकारी वाटतं.

२०२३ मध्ये प्रबल नावाचं रिव्हॉल्व्हर आलं. त्याची चक्री बाजूला उघडते, ही सोय चांगली आहे. जाहिरात मात्र पन्नास मीटर पल्ल्याची. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून ते स्वसंरक्षण होतं असं मी कोर्टात कोणत्या तोंडाने सांगू? बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं, असं कायदा सांगतो. माझ्या दुकानाचा काउंटर अडीच फुटांचा आहे.

राहिला लपवण्याचा प्रश्न. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार झाकूनच न्यायचं असतं, मिरवायचं नसतं. लग्नाच्या वरातीत कमरेला उघडं लावून नाचणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. पण सगळे नमुने पुरुषाच्या पँटीचा पट्टा धरून केलेले. साडीत ते कुठे बांधायचं? दुकानदार म्हणाला, पर्समध्ये ठेवा. पर्स तर चोर पहिली ओढतो! शिवाय किल्ली, पेन, जपमाळ, काहीही चापाच्या कडीत अडकू शकतं. मी गुजरीला जायच्या दिवशी सलवार-कुर्ता घालते. कुर्त्याखाली रुंद कातडी पट्टा, त्याला चाप पूर्ण झाकणारं कातडी घर. विट्याच्या चांभाराने तीन वेळा उसवून पुन्हा शिवलं तेव्हा ते हाताच्या सवयीचं झालं. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी रिव्हॉल्व्हर उघडायचं, सहाही काडतुसं मोजायची, हत्यार एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या.

१ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून त्यांच्याच पायाला लागली. ती बातमी आली त्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी पुन्हा एकदा कपाट उघडून पाहिलं. रिव्हॉल्व्हर असलं म्हणजे अपघात होत नाही, असं मी म्हणत नाही. जुन्या धाटणीचं हत्यार घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू शकते. म्हणून जुनं हत्यार घेणाऱ्याने आत घोड्याला अडवणारी योजना आहे का, हे आधी विचारावं. आपल्या लेखात तेही नव्हतं.

एक मागणी आहे, आपल्या वृत्तपत्राने ती लावून धरावी. परवान्याआधी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ते योग्यच. पण त्यानंतर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाईपर्यंत कुणी विचारत नाही की बाई, तुम्ही शेवटची गोळी कधी झाडली? आमच्यासारख्यांना सरावाला जागा नाही. जिल्हा पोलिसांच्या गोळीबार मैदानावर तीन महिन्यांतून एक रविवार परवानाधारकांसाठी ठेवावा, काडतुसांचे आणि निदेशकाचे पैसे आमच्याकडून घ्यावेत. मी तर जाईनच. सोबत मुलालाही नेईन. पुढे परवान्यासाठी तोच अर्ज करणार आहे आणि खंडेनवमीपासून त्याने हत्यार हातात धरलेलं नाही.

आपली,
एक सराफ महिला,
विटा, ता. खानापूर, जि. सांगली