फुल बाह्यांचा शर्ट

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्याला पोचलास, असा मामांचा फोन आला. तू केला नाहीस, असू दे. शनिवारी आपलं एवढं वाजल्यावर लगेच बोलावंसं वाटणार नाही. शेपू करू नका, असं मामींना सांगितलंय. बाकी विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलेय.

पण या ऑक्टोबरच्या उकाड्यात फुल बाह्या का घालतोस रे?

क्लिप ताईनं दाखवली. कविता वाचताना तू अडखळतोस, मागे पोरं खिदळतायत आणि वर कुणीतरी गाणं चिकटवलंय. मी पूर्ण ऐकली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीस तू, मध्येच खाली बसला नाहीस. बाबा म्हणतात, आम्हालाही चिडवायचे. चिडवत असतील, पण घरी आलं की सुटका व्हायची. तुझ्या उशाशी ते फोनवर रात्री दोनलाही वाजतं.

वॉर्डात तुझ्याएवढी पोरं पोट दुखतं म्हणून येतात. सोनोग्राफीत काही निघत नाही. रविवारी दुखत नाही, सोमवारी सकाळी दुखतं. मग मी बाजूला घेऊन विचारते, शाळेत कोणी त्रास देतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का? असं विचारलं की भलतं डोक्यात भरतं, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही, उलट पोरं बोलायला लागतात. परक्याच्या पोराला मी सहज विचारते. तुझ्यासाठी पत्र लागलं.

तर विचारते. स्वतःला काही करून घेतोस का? मरून जावं असं वाटतं का? हो असेल तर हो म्हण. मी ओरडणार नाही, बाबांनाही ओरडू देणार नाही.

सारखी टर उडवली की झोप जाते, भूक जाते आणि आपल्यातच खोट आहे असं वाटायला लागतं. त्यांच्यावरचा राग मग स्वतःवर निघतो. कित्येकांना मरायचं नसतं, आतली घालमेल थांबायला हवी असते. ती घटकाभरच थांबते आणि पुढे जिवाचा धोका वाढतो. बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर.

२०१९च्या पुरात गावभागातून आपल्याला बोटीनं काढलं, आठवतं? आप्पा गप्प, मी रडत होते. कोपऱ्यावरच्या काकू गच्चीवर राहिल्यात, हे तू बोटवाल्याला सांगत होतास. वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला! तो माणूस वल्हं धरून थांबला, ऐकलं आणि बोट वळवली. काकू अजून सगळ्यांना सांगतात.

शाळेत जाऊ नको, आणखी वाढेल, म्हणतोस. वाढेलही. तुला विचारल्याशिवाय जाणार नाही, पण गप्प बसेन असं वचन मागू नकोस. क्लिप आणि मेसेज पुसू नकोस, दाखवायला लागतील.

रात्री फारच झालं तर १४४१६ लाव. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फोनवर बोलणं तुला नको वाटतं, माहीत आहे. मग मामांना उठव, त्यांना सांगून ठेवलंय.

गुरुवारी माझी सुट्टी आहे, सकाळच्या एसटीनं येते. तोंडी नको असेल तर कागदावर लिहून ठेव. आणि तोवर खोलीला आतून कडी लावू नकोस.

तुझी,
आई