भुरीचं औषध आणि उंदरांची परीक्षा

मिरज,
ऑक्टोबर

प्रिय संजय,

स. न. वि. वि. छाटणी उरकली असेल, आता तुझी फवारणीची धांदल सुरू. फोनवर तू विचारलंस, "बुरशी मारायला औषधं काय कमी आहेत? उंदरांना कशाला छळता?"

लेका, काचेच्या बशीत बुरशी कशानंही मरते. पण तिची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची, बरीचशी एन्झाइमंही तशीच. त्यामुळे तिचं एन्झाइम बंद पाडणारं औषध आपल्या यकृतावर उठू शकतं. जनावर जगवून बुरशी मारणं, खरी मेख तिथं आहे.

पहिली चाळणी उंदरावर नसतेच. महाबळेश्वरकडचे मधपाळ जिच्या नावानं बोटं मोडतात, ती पोळ्यातलं मेण पोखरणारी अळी इथं कामाला येते. ती ३७ अंशांत, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेतही, तगते. मागच्या आखूड पायातून बारीक सुईनं बुरशी टोचायची; संसर्ग चढला की पांढरट अळी काळी पडत जाते, औषध लागू पडलं तर बऱ्याच अळ्या वाचतात. त्यातून तरलेलं औषधच उंदरापर्यंत जातं. धडधाकट उंदीर ॲस्परजिलसला, फुफ्फुसात वाढणाऱ्या बुरशीला, सहसा दाद देत नाही, म्हणून आधी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन त्याच्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पाडतात, मग नाकातून बीजाणू. काहींना औषध, काहींना नुसतं द्रावण. रोज वजन करायचं, फार खंगलेल्याला वेदना न होऊ देता संपवायचं. शेवटी फुफ्फुसात बुरशी किती उरली ते मोजायचं. उंदीर जगला पण बुरशी तेवढीच राहिली, तर असल्या औषधावर माझा भरवसा नाही.

आता तुझ्या द्राक्षबागेचं. भुरीवर, वेलीवरच्या त्या पांढऱ्या बुरशीवर, तू मारतोस ते हेक्झाकोनॅझोल आणि दवाखान्यातलं व्होरिकोनॅझोल बुरशीच्या एकाच एन्झाइमवर बसतात. नेदरलँड्समध्ये तर असलं औषध कधीच न घेतलेल्या रुग्णांतही त्याला न जुमानणारी ॲस्परजिलस सापडली. संशयाचं बोट शेतीकडे गेलं.

म्हणून ओलोरोफिम या नव्या औषधाकडे डोळे लागलेत. डीएनएचा कच्चा माल बनवणारं वेगळंच एन्झाइम ते अडवतं. ते एन्झाइम आपल्यातही आहे, पण बुरशीच्या मानानं आपल्यावर परिणाम नगण्य. (म्युकरवर, म्हणजे करोनातल्या त्या काळ्या बुरशीवर, मात्र उपयोग नाही, तू विचारशीलच.) २०२३ मध्ये अमेरिकेनं आणखी पुरावा मागून त्याचा मंजुरीचा अर्ज परत पाठवला. आणि इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीचं बुरशीनाशक, त्याच एन्झाइमवर चालणारं, तिथं २०२२ मध्येच मंजूर झालेलं! प्रयोगशाळेत एकाला सरावलेली बुरशी दुसऱ्यालाही जुमानत नाही असं दिसलंय. रुग्णाच्या आधी बागेला मिळालं, याचा मला मनापासून राग येतो.

तुला फवारू नको म्हणत नाही, भुरीनं घड गेले तर कर्ज कोण फेडणार? पण दुकानदाराला औषधाचा गट विचारत जा. एकाच गटाचं पाठोपाठ मारू नकोस, मधे गंधक घाल. काकूंना नमस्कार. बेदाणा आधीच सांगून ठेवतोय, पाच किलो माझा.

तुझा,
अवधूत